पायाने वाजणारी डबी

युसूफ वडगावच्या शहादेव ओव्हाळांना गाव दोन कामांसाठी ओळखतं. सकाळी ते ग्रामपंचायतीच्या टाकीचे व्हॉल्व्ह फिरवून गल्लोगल्ली पाणी सोडतात, आणि जयंतीच्या हंगामात वनमालाताईंच्या गायन पार्टीत गिटार वाजवतात. पहिल्या कामाबद्दल गाव त्यांना रोज काही ना काही बोलतं. दुसऱ्याबद्दल कोणीच काही बोलत नाही, आणि खरं दुखणं ते आहे.

लाल रंगाची ती गिटार त्यांनी बावीस वर्षांपूर्वी परळीच्या एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राकडून आणली. शिकवायला कोणी नव्हतं, त्यामुळे चुका काढायलाही कोणी नव्हतं. पहिल्या गीताच्या आधी वाजवायचा एक तुकडा त्यांनी स्वतः बसवला, चाळीसेक सेकंदांचा. पार्टीत त्याला ‘सुरुवातीचा पीस’ म्हणतात. लोक खुर्च्या ओढत असतात, पोरंटोरं वायरींवरून उड्या मारत असतात, ताई पदर नीट करत असतात, आणि तेवढा वेळ मंचावर फक्त शहादेवरावांचा आवाज असतो. नंतरचे तीन तास ते ढोलकीच्या मागे उभे राहतात आणि तिथून दिसतही नाहीत.

वाद्याच्या बाबतीत त्यांचा एक कडक नियम आहे. मंचावर चढताना चप्पल खाली, गिटार हातात घेतली की कपाळाला, आणि वाद्याला पाय लागता कामा नये. ढोलकीवाल्या हनुमानचा पाय एकदा गिटारीच्या पिशवीला लागला, तेव्हा त्यांनी त्याला पिशवीची माफी मागायला लावली होती. हनुमाननं मागितली. पिशवी रिकामी होती.

मत्सर हा त्यांचा जुना सोबती. कीबोर्डवाल्याच्या मशीनमधून आपोआप ताल निघायला लागला, तेव्हा ते आठवडाभर जेवताना गप्प होते. शेजाऱ्याकडे मोठ्या तोंडाची पाण्याची टाकी आली, तेव्हा त्या गल्लीचं पाणी थोडे दिवस लवकर बंद व्हायचं, असं लोक सांगतात. पण हे सगळे किरकोळ मत्सर. खरा मत्सर मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी समाजमंदिरात तालमीला आला, सतीशच्या पिशवीत बसून.

सतीश पार्टीत दुसरी गिटार वाजवतो. वय तीस, केजला पोस्टात नोकरी, मोबाईलवर बघून शिकलेला, बोलायला गोड. त्यानं पिशवीतून हिरव्या रंगाची एक लोखंडी डबी काढली. वर तीन बटणं, खाली एक खटका.

“हे काय बे? साबणाची डबी?” शहादेवरावांनी विचारलं.

“ओव्हरड्राइव्ह हाय, दादा. पुण्याहून मागवलंय.”

“ते ट्रकला असतंय.”

“हे गिटारीला असतंय.”

सतीशनं आधी साधं वाजवलं. मग पायानं खटका दाबला, डबीवर लाल दिवा लागला आणि तोच सूर जाड झाला. त्याला कडा फुटल्या. एखादा शांत माणूस चिडावा आणि चिडूनही सुरातच बोलावा, तसं काहीसं. शिवाय सूर विझेचना. हनुमानचा ढोलकीवरचा हात वरच राहिला.

“आवाज फाटला,” शहादेवराव म्हणाले. मंडपवाल्याचा माईक बिघडला की ज्या समाधानानं म्हणतात, त्याच समाधानानं.

“फाटायलाच पायजे, दादा. त्याच्यासाठीच तर घेतलंय.”

“फाटका आवाज इकत घेतला व्हय?”

सगळे हसले, पण हसताना सगळ्यांचे डोळे डबीवर होते. हे शहादेवरावांनी बघितलं.

वनमालाताई शाळेत शिकवतात आणि पार्टीतही त्यांचाच शब्द शेवटचा. त्या म्हणाल्या, “शनिवारी नांदूरघाटला सुरुवातीचा पीस ह्याच्यावर होऊ द्या.”

कोणी वाजवायचा ते त्या बोलल्या नव्हत्या. शहादेवरावांनी थोडं थांबायला हवं होतं. ते थांबले नाहीत.

“वाद्याला पाय? मी तर लावणार न्हाई. बावीस वर्षांत लावला न्हाई.”

“मग पायपेटीला आपले जुने लोक काय हातानं हवा घालायचे का, दादा?”

“तिच्या नावातच पाय हाय, ताई. गिटारीच्या नावात न्हाई.”

“बरं. तुमी लावणार नसाल तर सतीश वाजवंल.”

इतक्या साध्या शब्दांत चाळीस सेकंद गेले. त्यात सतीश म्हणाला, “न्हाई ताई, पीस दादांचा हाय. मी कावून वाजवू?”

हे फार झालं. ज्याचा हेवा करायचा तो उर्मट असला की बरं असतं, कामाला जोर येतो. हा चांगुलपणा करत होता. शनिवारपर्यंत बघू, असं ठरलं. डबी समाजमंदिराच्या कपाटात ठेवली. कपाटाची किल्ली, गावातल्या बहुतेक किल्ल्यांप्रमाणे, शहादेवरावांकडे होती.

बुधवारी सकाळी त्यांनी वरच्या गल्लीचा व्हॉल्व्ह उघडला. तिथं आठ दिवसांनी पाणी येतं, पाऊण तास. मधल्या वेळात ते गिटार घेऊन समाजमंदिरात गेले. डबीला आपली वायर बसते का, एवढंच त्यांना बघायचं होतं. वायर बसली. मग लाल दिवा लागतो का बघायचं राहिलं. खटका हातानं दाबला, दिवा लागला, आणि त्यांनी वाजवलं.

पहिल्यांदा काहीच धड येईना. त्यांचा हात जड. बावीस वर्षं खुर्च्यांच्या आवाजावर मात करायची म्हणून तारा ओढायची सवय, आणि डबीला तेवढं ओढलेलं चालत नव्हतं. सगळा चिखल होत होता. ते हळूहळू हलकं वाजवायला लागले. मधलं बटण चारवरून दोनवर आणलं. आता सूर मोकळा झाला. पण सुरुवातीपासून फाटका आवाज शोभत नव्हता. अर्धा पीस साधा हवा, आणि सूर वर चढतो बरोबर तिथं डबी चालू व्हायला हवी. तिथं तर दोन्ही हात गुंतलेले.

त्यांनी दाराकडे बघितलं. चप्पल नियमाप्रमाणे बाहेर काढलेलीच होती. त्यांनी उजव्या पायाचा अंगठा पुढे केला.

पाच वेळा वाजवून झालं, तेव्हा दारातून आवाज आला. “वरच्या गल्लीत पाणी रस्त्यानं वाहायलंय. छबुबाईनं पातेली सुदिक भरून घेतली. लोक इचारायलेत, आज सरकार बदललं का म्हणून.”

बबिता होती, त्यांची बायको. मग तिनं खाली बघितलं. “आन् पाय कुठं हाय तुमचा?”

“घसरला.”

“बोटानं खटका दाबत घसरला?”

ती उंबऱ्यावर टेकली. “परत वाजवा की. बाहेरून लई चांगलं वाटलं.”

बावीस वर्षांत तिनं असं म्हटलेलं त्यांना आठवत नव्हतं. त्यांनी परत वाजवलं. वरच्या गल्लीला आणखी दहा मिनिटं पाणी मिळालं.

“कुणाला सांगू नको,” उठताना ते म्हणाले.

“पाण्याचं का पायाचं?”

“दोन्हीचं.”

रविवारी त्यांना सतीशकडे डबी आहे याचा त्रास होता. बुधवारनंतर आपल्याकडे नाही याचा सुरू झाला. दोन्ही एकच वाटतात, पण दुसऱ्यात झोप येत नाही. मागायची तर तोंड नव्हतं. शब्द सगळ्यांसमोर दिलेला. आणि पीस सोडायचा म्हटलं तर तेवढाच त्यांचा होता.

शनिवारी नांदूरघाटला मंचामागं सतीश जवळ आला. “दादा, म्या एक इचार केलाय. हात तुमचे, पाय माझा. तुमी वाजवा, मी खटका दाबतो. तुमचा शब्दबी ऱ्हाईल.”

शहादेवरावांनी होकार दिला. दुसरं काय करणार?

सहाचा कार्यक्रम सातला सुरू झाला. शहादेवराव पुढे उभे राहिले आणि बाजूला सतीश, सायकल धरून गप्पा माराव्यात तसा, एक पाय डबीवर ठेवून. पीस निघाला. खुर्च्या ओढल्या जात होत्या. सतीशनं मोबाईलवर जसं बघितलं होतं तसं, चार मात्रा आधीच खटका दाबला. खालचे सूर उगाच फाटले.

ज्यांनी जवळून बघितलं ते सांगतात, की शहादेवरावांनी हातातलं वाजवणं न थांबवता सतीशचा पाय आपल्या पायानं बाजूला ढकलला, खटका दाबून डबी बंद केली, आणि पाय तिथंच धरून ठेवला. सूर चढला. त्यांनी खटका परत दाबून डबी चालू केली. शेवटचा सूर त्यांनी धरला तो धरलाच. पुढच्या दोन रांगांत खुर्च्या ओढायच्या थांबल्या. वनमालाताई पायाकडे बघत राहिल्या आणि गाण्यात एक मात्रा उशिरा आल्या. असं त्यांचं कधी होत नाही.

कार्यक्रमानंतर जेवायला बसल्यावर नांदूरघाटचे संयोजक म्हणाले, “म्युझिक झकास होतं. पण तुमच्या गिटारवाल्यांत भांडण हाय का? एकमेकांचे पाय तुडवत होते.”

ताईंनी शहादेवरावांकडे बघितलं. “दादा, पाय लावला म्हणायचा.”

“सतीशच्या पायाला लावला,” शहादेवराव म्हणाले. “मधे डबी आली.”

हनुमानला ठसका लागला. ताई मात्र हसल्या नाहीत. “इथून पुढं सुरुवातीचा पीस दादाच वाजवतील,” त्या म्हणाल्या. “पायासकट.”

हात धुऊन सतीश सामान आवरायला गेला. शहादेवराव मागोमाग गेले. त्यांनी डबी उचलली, खांद्यावरच्या पंच्यानं पुसली आणि दोन्ही हातांनी त्याला दिली.

“मधलं बटण दोनवर ठेवत जा. तू चारवर ठेवतो. चिखल व्हतो.”

“तुमाला कवा कळलं, दादा?”

शहादेवरावांनी पंचा परत खांद्यावर टाकला. सतीशनं डबी पिशवीत टाकली आणि चेन ओढली. चेन मधेच अडकली, त्यानं जोर लावला. ती पूर्ण बंद होईपर्यंत शहादेवराव तिथंच उभे होते.