नकार दिलेल्या घरचं लग्न

मी फोटोग्राफर झाले ती शेजारच्या काकूंमुळे. त्यांच्या मुलीच्या हळदीला बायकांना पुरुष फोटोवाला नको होता आणि माझ्याकडे मामाने दिलेला कॅमेरा होता. मला तो नीट चालवता येत नाही, हे मी आधीच सांगितलं. काकू म्हणाल्या, आम्हाला तरी कुठं उभं राहता येते.

पुढच्या सीझनला आमच्या दारव्ह्यातल्या बऱ्याच हळदी माझ्याकडे आल्या, मग अख्खी लग्नं. मला तेव्हा फक्त मोठं काम हवं होतं. ड्रोन, प्री-वेडिंग आणि शेवटी नागपूर. वडिलांना वाटायचं, मी स्पर्धा परीक्षा द्यावी. आईला वाटायचं, मी लग्नात जावं, पण स्वतःच्या.

पुसदचं एक स्थळ आलं. मुलगा बँकेत. त्याने लेन्सबद्दल विचारलं, म्हणून मला तो बरा वाटला. काही दिवसांनी त्याच्या आईचा निरोप आला : मुलगी चांगली आहे, पण लोकांच्या लग्नात फिरते. मला वाईट वाटलं. पण सीझन चालू होता.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच घरून फोन आला. त्याचं लग्न ठरलं होतं आणि फोटो बाईनेच काढायचे, अशी नवरीची अट होती. आईने जाऊ नको म्हणून सांगितलं. मी गेले. असं काम करायचं की त्यांना रुखरुख लागली पाहिजे, हे मी वाटेतच ठरवलं होतं.

स्टेजवर हिरवे दिवे होते. त्यात नवरदेव दोडक्यासारखा दिसत होता. तसाच ठेवता आला असता, पण मी मंडपवाल्याकडून दिवे बदलून घेतले. घरच्यांच्या फोटोच्या वेळी त्याची आई माझ्याजवळ आली.

“तवा आमचं जराक चुकलंच, बाई,” ती हळूच म्हणाली.

“तुम्ही थोडं उजवीकडे सरका,” मी म्हटलं. “मागं खांब येऊन राह्यला.”

ती सरकली. खांब खरंच येत होता. कामाच्या गडबडीत माझं रागावणं राहूनच गेलं होतं. परत येताना फक्त पाय दुखत होते.

नंतर यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या एकाचं स्थळ आलं. त्याने फिरण्याबद्दल काही विचारलं नाही. तुम्हाला सुट्टी कधी असते, एवढंच विचारलं. मला सांगता आलं नाही. लग्नानंतरचं पहिलं वर्ष आम्ही बहुतेक दारातच भेटलो, एक येताना, एक जाताना.

मग नागपूरच्या एका मोठ्या स्टुडिओने बोलावलं. ड्रोन त्यांचाच होता. मी विचार करायला वेळ मागितला. त्या रविवारी नवऱ्याला सुट्टी होती. आम्ही दुपारी वांग्याची भाजी केली, ती जरा करपली, आणि झोपलो. सोमवारी मी नाही म्हणून कळवलं.

आता यवतमाळात माझं छोटं दुकान आहे. पासपोर्टचे फोटो, शाळांची ओळखपत्रं, कधी एखादं बारसं. संध्याकाळी शटर ओढते. लग्नांमधली पाठवणी मात्र आठवते. सगळे रडत असायचे आणि मला काम असायचं.

परवा आई आली होती.

“आधी जाऊ नको म्हटलं तं गेली,” ती म्हणाली. “आता लोक लग्नाले बोलावून राह्यले तं जात नाही. तुले पाह्यजे तरी काय?”

मी म्हटलं, रविवार. तिला ते पटलं नाही. मग आलेच आहे तर म्हणून बँकेसाठी तिने फोटो काढून घेतला आणि चारच्या बसने दारव्ह्याला गेली.