मधेच घुसवलेलं पान

वर्ष बारा महिन्यांचंच असतं, असं तुम्हाला कोणी सांगितलं? पानमावशीला विचारा. चंद्राचे बारा महिने सूर्याच्या वर्षाला अकरा दिवस कमी पडतात, म्हणून जुन्या कालगणनेत दर तीनेक वर्षांनी एक अधिक महिना घालावा लागतो. तो शेवटी नाही चिकटवत, मधेच घालतात. बावीस वर्षं छापखान्यात कॅलेंडरची पानं जुळवून तिला हे पाठ झालंय. शाळा चौथी.

यंदा मॅनेजर ते विसरला. गेल्या वर्षीसारखी बाराच पानं छापून मोकळा झाला. मावशीनं बोट दाखवलं तर म्हणाला, "तू पानं जुळव, अक्कल नको शिकवूस." आठ दिवसांनी गिऱ्हाइकाचा फोन आला नि त्याचं तोंड एवढंसं झालं. मग तेरावं पान घाईघाईत, ओल धरलेल्या कागदावर. शाई सुकायच्या आत ते चौथ्या पानामागे घातलं, वर पत्र्याची पट्टी ठोकली आणि गठ्ठे तळघरात रचले.

महिन्यानं गठ्ठे उघडले. कडा पांढऱ्याशुभ्र. मॅनेजरनं कडेवरून अंगठा फिरवला. "एक नंबर माल."

मावशीनं एक कॅलेंडर मधोमध उघडलं. हिरवी-काळी बुरशी, पान पानाला चिकटलेलं, सोडवलं तर लिबलिबीत तार सुटली. सडक्या कांद्याचा वास. पण तिला खरी शिसारी आली ती मॅनेजरचं पुढचं बोलणं ऐकून.

"कडा कापा, ब्रशनं झाडा, द्या पाठवून. दवाखान्यांचा माल आहे, भिंतीवर टांगायचाय, खायचाय थोडाच?"

झाडायला बसवलं कोणाला, तर मावशीच्या भाचीला. छातीनं अधू पोरगी, जिना चढली तरी धाप लागते. तळघराला एकच खिडकी, तीही खिळे मारून बंद. दुपारपर्यंत खोकून खोकून तिचे ओठ निळे पडले. थुंकीत काळे कण.

मावशीनं तिला अंगणात आणून बसवलं आणि एक गठ्ठा थेट मॅनेजरच्या टेबलावर आपटला.

"साहेब, अंगणातलं गवत बघा. दर आठवड्याला शेंडे छाटता, थांबतंय? ते वाढतं खालून, पेरातून. ही घाणही आतून वाढलीय. कडा कापून काय होणार, डोंबल?"

त्यानं रुमाल काढून नाकाला लावला.

"बघा, तुम्हाला दोन मिनिटं सोसवेना. पोरीनं चार तास त्यातच नाक घातलंय."

"जमत नसेल तर दोघी घरी बसा."

"बसतो की. मग झाडायला तुम्ही उतरणार का खाली? की साहेबांचं नाक सोन्याचं?"

दारात जमलेल्या बायका पदराआड हसल्या. दोघींना फाटकाबाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी त्या हसणाऱ्यांतल्याच दोघी तळघरात, ब्रश तेच. माल रवाना.

भाचीची धाप अजून बसलेली नाही. मावशी रोज सकाळी फाटकाशी उभी राहते, येणारीला सांगते, "बाई, खाली जाऊ नकोस." एखादी थबकते. बाकीच्या मान खाली घालून आत जातात. पोट कोणाला चुकलंय?

तुमच्या दवाखान्याच्या भिंतीवर यातलं एखादं कॅलेंडर असेल. झाडू नका, पुसू नका. पिशवीत घालून गाठ मारा, ज्यानं पाठवलं त्याच्याच टेबलावर नेऊन ठेवा, आणि ते तळघर बंद होईपर्यंत तिथून हलू नका.