ओटीत घातलेली पोर

आटपाडीजवळच्या आमच्या घरात मला दत्तक दिलं, तेव्हा मी दहा वर्षांची होते. परदेशात राहणाऱ्या चुलतीच्या मांडीवर मला बसवलं, तिच्या ओटीत नारळ घातला, भावकी जेवली. झालं दत्तक! चुलतीला तान्ही जुळी होती आणि तिकडे ती सांभाळायला माणूस मिळत नव्हतं, हे मात्र जेवताना कुणीच बोललं नाही.

माझा पासपोर्ट काढायला गेल्यावर कळलं, की परदेशी दत्तक असं घरच्या घरी होत नाही. कायद्यानं मुलीलाही विचारावं लागतं. सांगलीच्या बालसंरक्षण ऑफिसात चुलता ओरडला, "आवं, घरचीच पोर हाय! तिला काय इचारायचं?"

तिथल्या मॅडमनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि मला विचारलं, "तुला जायचंय का?"

आमच्या घरात मला फ्रॉकचा रंगसुद्धा कुणी विचारला नव्हता. मी म्हणाले, "न्हाई." दाराबाहेर उभ्या वडिलांनाही ते ऐकू गेलं, आणि दत्तक तिथंच थांबलं.

कायद्यानं घर फोडलं, असं भावकी अजून म्हणते. फोडलं तर फोडलं! आता माझ्या लग्नाचा विषय निघाला, की वडील आधी माझ्याकडं बघतात. बघतील नाहीतर काय! माझं 'न्हाई' त्यांनी एकदा ऐकलंय.