ग्लेनिसच्या बसचा हीटर

जूनमध्ये, ऐन हिवाळ्यात, ऑस्ट्रेलियातल्या मोनारोच्या पठारावर सकाळी गवत पायाखाली कुरकुर वाजतं, इतकं ते गोठलेलं असतं. त्या गवतामधल्या रस्त्याने ग्लेनिस पास्को शाळेची बस चालवायची, स्वतःचं धाकटं पोर शाळेत जाऊ लागलं त्या वर्षापासून. बस घरचीच. दुरुस्ती तिचा दीर मर्व्हिन बघायचा आणि जेवायला तिच्याकडेच असायचा.

त्या सोमवारी हीटरमधून गार वारा यायला लागला. मुलांच्या श्वासाने काच आतून धुरकट व्हायची, ती बाहीने पुसायची, पुन्हा तेच. पाइनच्या रानाजवळच्या वळणावर ओंडक्यांचा ट्रक तिला दिसला तो अगदी समोर आल्यावर. तिने बस कडेच्या गवतात घातली. मागे मुलं हसली, त्यांना गंमत वाटली. ग्लेनिसने शाळा येईपर्यंत काचेला नाक लावून, सावकाश बस चालवली. परत येईपर्यंत भीतीचा राग झाला होता.

मर्व्हिन शेडमध्ये चहा पीत बसला होता.

"हीटर गार हवा टाकतोय."

"जून आहे गं. पोरांना टोप्या घालायला सांग."

"मला समोरचं दिसत नाही, मर्व्ह. आज सगळे ट्रकखाली गेलो असतो."

"थर्मोस्टॅट असेल. बघू गुरुवारी."

"तो उघडा राहिला असता तर इंजिनच्या तापमानाचा काटा वर चढलाच नसता. काटा मध्यावर आहे. इंजिन तापतंय, गरम पाणी हीटरमधून फिरत नाहीये."

"मग तूच बघ. तुला सगळंच कळतं."

"बघतेच. तोवर बस हलणार नाही. दुपारी पोरांना घरी कोण सोडणार, ते शाळेला फोन करून तू सांग."

तिने बॉनेट उघडलं आणि हातमोजे काढले. हीटरकडे जाणारे दोन पाइप. एकाला बोट लावताच चटका बसला, दुसरा थंडगार. म्हणजे हीटरचा छोटा रेडिएटरच तुंबला होता. इंजिन निवल्यावर तिने दोन्ही पाइप सोडवले आणि बागेची नळी उलट्या बाजूने लावली. आधी काहीच येईना. मग तपकिरी गाळ आला, त्यात काळे कण. तिने ते बोटांत चुरडून नाकाशी नेले.

"ही मिरपूड आहे."

मर्व्हिनने कपात पाहिलं. "जानेवारीत रेडिएटर ठिबकत होता. पोहण्याच्या स्पर्धेला निघालेली बस, रस्त्यात दुसरं काय मिळणार? पाण्यात मिरपूड टाकली की ती भोकात अडकून बसते. बाबाही हेच करायचे. गळती थांबली की नाही?"

"थांबली. घरी आल्यावर रेडिएटर बदलायचा होता."

"राहून गेलं."

"मला सांगायचं तरी."

"तू चिडली असतीस."

"आणि आता काय, नाचतेय?"

पाणी नितळ येईपर्यंत तिने नळी काढली नाही. नवा रेडिएटर त्याला तिच्यासमोर फोन करून मागवायला लावला. कूलंट भरलं, इंजिन चालू केलं आणि बऱ्याच वेळाने तिच्या तळहातावर ऊन हवा आली.

दुसऱ्या दिवशी त्याच वळणावर ट्रक लांबूनच दिसला. ती आपल्या बाजूला सरकली. ट्रकवाल्याने नेहमीसारखी ओळख देत स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं, तिनेही उचललं. मागे मुलांनी टोप्या काढल्या होत्या. राग मात्र तसाच होता, उलट स्वच्छ काचेतून तो ट्रक केवढा मोठा आहे ते दिसल्यावर वाढलाच.

संध्याकाळी मर्व्हिन जेवायला बसला, तेव्हा त्याच्या हत्यारांच्या पेटीतला ग्रीसने माखलेला मिरपुडीचा डबा तिने त्याच्या ताटाशी ठेवला.

"ही अंड्यांवर घालतात," ती म्हणाली. "जेव."