चिंध्यादेवाच्या झाडावरची हिरवी किनार

ती घटना आठवली की आजही हात आपोआप जोडले जातात. चोर सापडले म्हणून नव्हे, माणूस जिवंत सापडला म्हणून.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मी भिवंडीत फौजदार होतो. उन्हाळ्याच्या तोंडावर एका सकाळी ट्रकवरचा एक पोरगेला क्लीनर रडत ठाण्यात आला. आदल्या दुपारी कोऱ्या कापडाच्या ताक्यांनी भरलेला त्यांचा ट्रक कसाऱ्याच्या अलीकडे जीपवाल्यांनी अडवला, त्याला खाली ढकललं आणि ड्रायव्हरसकट गाडी नाशिककडे पळवली, असं त्याचं म्हणणं. अंमलदाराने स्टेशन डायरीत नोंद घेतली, नाशिकला बिनतारी संदेश गेला. कापडाचा मालकही धावत आला. त्याच्या मालाची खूण म्हणजे किनारीतला हिरवा धागा.

मागोमाग ड्रायव्हरची बायको येऊन बाकावर बसली. टेमघरची, पन्नाशीची बाई. रडली नाही. मूठ उघडून दम्याचा पंप दाखवला.

"साहब, दवा घरीच राहिली. त्यांना कोन नेऊन देनार?"

मी पंप खिशात घातला. म्हटलं, "मी देतो." बोलून तर गेलो, पण माणूस कुठे आहे याचा पत्ता नव्हता.

क्लीनरला चहा पाजला आणि विचारपूस सुरू केली. जीपचा रंग, काठ्या, शिव्या, सगळं त्याने फडाफड सांगितलं. रात्र कुठे काढलीस म्हटलं की पुन्हा जीपवरच यायचा. पॅन्टला कुसळं चिकटलेली होती. विचारल्यावर म्हणाला, "भ्यालो, गवतात लपलो." उत्तर ठीक होतं, पण फार लवकर आलं. पाठ केलेली उत्तरं अशीच येतात.

तेवढ्यात वज्रेश्वरीहून आमच्या बिट हवालदाराचा फोन आला. मोळी विकणाऱ्या एका बाईने त्याला खबर दिली होती. "काल दुपारी जंगलात टरक शिरला. लाकडाचा न्हाय, कापडाचा. आमच्या जंगलात कापडाचं काय काम?"

वज्रेश्वरी तर नाशिकच्या रस्त्यावर नाहीच. मी क्लीनरला जीपमध्ये घातलं आणि निघालो. हवालदार वाटेत चढला.

वाट अगदी सोपी. लाकडाच्या गाड्यांनी रुळलेली, सपाट. दोन्ही बाजूंना पानं गळालेला साग, मधूनच फुललेला पळस, चाकाखाली करकरणारा पाचोळा. एरवी डबे घेऊन सहलीला यावं अशी जागा! पण पाण्याचा थेंब कुठे दिसेना, आणि दर थोड्या अंतरावर वाटेला फाटा. पाचोळ्यात टायरची खूण उमटत नव्हती. माझा हात सारखा खिशातल्या पंपाकडे जात होता.

एका फाट्यावर हवालदाराने जीप थांबवायला लावली. जुनं ऐनाचं झाड, अंगभर चिंध्या. चिंध्यादेव. तिथून जाणारा माणूस काहीतरी बांधल्याशिवाय पुढे जात नाही. हा बहाद्दर उतरून रुमाल फाडायला लागला.

मी ओरडलो, "अहो, तिकडे माणूस मरतोय आणि तुमचं काय चाललंय?"

"देवाला चुकवून कसं जायचं, सायेब?" म्हणत त्याने फांदी खाली ओढली आणि तसाच थांबला. "सायेब, हे बघा."

कोरी, ताजी चिंधी. किनारीत हिरवा धागा.

मी क्लीनरकडे वळलो. तो जीपच्या पायरीवर बसून त्या चिंधीकडेच बघत होता.

"कुणी बांधली रे?"

"मीच."

"चोरीला यश दे म्हणून?"

"न्हाय, सायेब! आईच्यान न्हाय. त्या दोघा चोरांनी मला फोडला. माल उतरवायचा आन् डायवर चाचाला सोडायचं, असं ठरलं व्हतं. मंग म्हनले, मागं साक्षीदार नको. मी पाया पडलो, तवा फकस्त बांधून ठेवू म्हनले. चाचाचा जीव राहू दे म्हनून बांधली ती. आन् तोंड उघडलं तं माझ्या घरात शिरून कापू म्हनलेत."

"चल, ऊठ. दाखव."

उजव्या फाट्याने एका बंद खाणीत पोचलो. रिकामा ट्रक उभा होता आणि त्याच्या चाकाला ड्रायव्हर बांधलेला. ओठ निळे, छातीत शिट्टी वाजत होती. दोर कापले, पंप तोंडाला लावला, घोटघोट पाणी पाजलं. हळूहळू त्याचा श्वास मोकळा झाला. त्याने डोळे उघडले, समोर क्लीनर दिसला. मला वाटलं, आता शिवी हासडणार.

"साहब, याला मारू नका," तो म्हणाला. "अजून गाडी शिकायचीय याला."

क्लीनर तिथेच ढसाढसा रडला. हवालदाराने तोंड फिरवलं. माझंही काही वेगळं नव्हतं.

पुढे ते दोघे चोर मालासकट सापडले. क्लीनरलाही शिक्षा झाली, पण त्याने दाखवलेल्या वाटेमुळे माणूस वाचला, हे मी कोर्टात ठणकावून सांगितलं. गुन्ह्यात सामील असलेला माणूस सगळाच्या सगळा सामील असतो असं नाही, हे मला त्या केसने शिकवलं. नंतर कुणाचाही जबाब घेताना मी आधी त्याच्यातला गुन्ह्यात सामील नसलेला तुकडा शोधायचो.

आठवड्याने ड्रायव्हरची बायको ठाण्यात आली. ओढणीचा तुकडा पुढे करून म्हणाली, "साहब, तिकडे गेलात तर त्या झाडाला एवढं बांधा."

पंचनाम्याचं राहिलेलं काम होतंच. गेलो. तिची ओढणी बांधली आणि मग खाकी शर्टाच्या आतली एक पट्टी फाडून तीही बांधली. सरकारी माल फाडला, देव माफ करो. हिरव्या किनारीची चिंधी पुरावा म्हणून ठाण्यात जमा होती, म्हणून हवालदाराने मालकाकडून तसलाच एक तुकडा मागून आणला होता. तो त्याने मधोमध बांधला आणि म्हणाला, "हा त्या पोराच्या नावाचा."