मॅडम अभिनंदन म्हणतायत

"घ्या, तिकडेपण कोटा," नर्सरी चालवणाऱ्या मॅडम मराठीत म्हणाल्या. "आता जंगलातून उठून थेट पार्लमेंटमध्ये."

स्टाफरूममधल्या दोघी मराठी टीचर हसल्या. मीही हसले.

रोसाच्या हातात मोबाइल होता. स्क्रीनवर तिच्या थोरल्या बहिणीचं पोस्टर. रोसा आमच्या कुवेतमधल्या अबू हलीफाच्या नर्सरीत मदतनीस आहे, मी टीचर. मुलांचे डबे उघडून देते, शू-शी बघते. मूळची फिलिपिन्सच्या दक्षिणेकडची, डोंगरातली आदिवासी. त्यांच्या भागाला नुकतीच स्वायत्तता मिळाली होती. स्वतःचं पार्लमेंट, त्याची पहिलीच निवडणूक. आदिवासींसाठी काही जागा राखीव. त्यातल्या एका जागेवर बहीण उभी होती. रोसाला इथून मत देता येत नव्हतं, म्हणून ती निदान पोस्टर तरी दाखवत होती. ‘रिझर्व्ह्‌ड’ हा शब्द ती मान ताठ ठेवून म्हणाली. तो असाही म्हणता येतो, हे मला माहीत नव्हतं.

तिने मला इंग्रजीत विचारलं, मॅडम काय म्हणाल्या?

"अभिनंदन म्हणतायत," मी सांगितलं.

रोसा उठली, किंचित वाकून मॅडमना थँक यू म्हणाली. त्या पुन्हा हसल्या. या वेळी मला हसता आलं नाही.

आमच्या घरात ‘राखीव’ हा शब्द दार लावून बोलायचा. बाबांना तालुक्याच्या आयटीआयमध्ये फिटरची जागा मिळाली ती राखीव होती. त्या जागेमुळे ते इथे, मीना अब्दुल्ला भागातल्या रिफायनरीत आले. त्यामुळे आम्ही आलो, त्यामुळे माझी इंग्रजी शाळा. येण्याआधी बाबांनी गॅझेटमध्ये आडनाव बदललं. गावाचं नाव, पुढे ‘कर’. इथल्या पुण्या-नाशिकच्या बायका विचारायच्या, "आपल्यातलीच ना गं तू?" मी मान हलवायची. नोकरीच्या पहिल्या दिवशी मॅडमनीही तेच विचारलं आणि वर म्हणाल्या, "मेरिटवाल्या मुली वेगळ्याच कळतात." मला बरं वाटलं होतं. लाज वाटते ती त्याचीच.

पुढच्या आठवड्यात रोसाने मला बहिणीचा व्हॉइस मेसेज ऐकवला. मोडक्या इंग्रजीत ती मॅडमचे आभार मानत होती. तिने गावातल्या सभेत सांगितलं होतं, कुवेतमधल्या एक मोठ्या बाईसुद्धा आपल्या पाठीशी आहेत. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. रोसा म्हणाली, हे मॅडमना ऐकव ना.

मी तिला कोपऱ्यात नेलं आणि खरं काय ते सांगितलं. ‘जंगल’सुद्धा सांगितलं.

तिने फोन एप्रनच्या खिशात टाकला.

"तूही हसलीस?"

"हो."

मी माझ्याबद्दल, बाबांबद्दल सांगायला लागले. तिने हातानेच थांबवलं. मुलांचे हात धुवायचे राहिलेत म्हणाली.

मग मी स्टाफरूममध्ये गेले. मला चारचौघांत बोलता येत नाही. मॅडमना म्हटलं, त्या दिवशी जे बोललात ते रोसाला मी आज सांगितलंय. त्या चिडल्या नाहीत. समजूत काढल्यासारख्या म्हणाल्या, "अगं, तुला का लागलं? तू तर आपल्यातली."

"नाही. माझं घर राखीव जागेवर उभं राहिलंय. माझ्या बाबांच्या."

त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तरीच," त्या म्हणाल्या.

एवढंच. एक शब्द. माझं शिक्षण, माझं इंग्रजी, मी शिकवलेली पोरं, सगळं त्यात गेलं.

बाबा घरी म्हणाले, "काय गरज होती बाय? पोटासाठी आलोय आपण." त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही. माझा इकामा, इथे राहायचा परवाना, त्याच नर्सरीवर आहे. मॅडम तो वाढवतील असं वाटत नाही.

रोसा माझ्याजवळ बसत नाही. निवडणुकीचा निकाल तिने मला सांगितला नाही. मी विचारला नाही. तो हक्क मी घालवलाय. माफी मागितली, ती तिने घेतली नाही. घ्यावी असा आग्रहही नाही.

पण आता मी कुणाचं विष साखरेत घोळून पुढे देणार नाही. जे बोललं गेलं तेच सांगेन, शब्दन् शब्द, बोलणाऱ्याच्या तोंडासमोर. आणि मी कोण, हे विचारायच्या आधी सांगेन.