तिरका छेद

मी नोकरी मागायला गेले तेव्हा त्यांनी मला काहीच विचारलं नाही. टेबलावर नारळाएवढा एक बिडाचा भाग ठेवला, शेजारी कागद, पेन्सिल आणि पट्टी सरकवली आणि म्हणाले, "इसे काट के दिखाओ."

कापायचं म्हणजे कागदावर. हा भाग मधोमध उभा चिरला तर आत काय दिसेल, कुठे भोक, कुठे भिंत, कुठली पोकळी किती खोल, ते चित्रात काढायचं. करवत जिथे धातूतून जाते तिथे बारीक तिरक्या रेषा भरायच्या, पोकळी कोरी सोडायची. सगळे याला सेक्शन म्हणतात. गावाकडच्या आयटीआयमधले आमचे सर मात्र छेद म्हणायचे, म्हणून माझ्या मनात तो अजून छेदच आहे.

आयटीआय करून सात वर्षं झाली होती आणि त्या सात वर्षांत मी पेन्सिल धरली होती ती वाण्याची यादी लिहायला. लग्न झालं, हे फौजेत, म्हणून दिल्ली कँटोन्मेंटमध्ये आले. मुलगी झाली. ती सहा वर्षांची असताना ह्यांना सीमेवर धाडलं. तिथे कुटुंब नेता येत नाही. आम्हा मायलेकींना क्वार्टरमध्ये राहायची परवानगी मिळाली, आणि सासूबाईंचं पत्र आलं की आता तिथे कुणासाठी राहायचं, गावी या. मी उत्तर लिहिलं की मुलीची शाळा सुरू आहे. ते खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. मला काम करायचं होतं. गुडगावात तेव्हा शेतांच्या मधोमध काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, परदेशी कंपन्यांशी करार करून कारखाने वाढत होते, आणि पेपरात ड्राफ्ट्समन पाहिजेतच्या जाहिराती येत होत्या. बाई पाहिजे असं कुठेच लिहिलेलं नसे. बाई नको असंही नसे.

बिडाचा भाग पुढे ठेवणारे गृहस्थ ड्रॉइंग विभागाचे प्रमुख होते. साठीला टेकलेले, पंजाबी, कोटाच्या खिशात कायम चार पेन्सिली. सगळे त्यांना उस्तादजी म्हणत. तासाभराने त्यांनी माझा कागद उचलला आणि एका जागी बोट ठेवलं.

"रिब को ख़ाली क्यों छोड़ा?"

रिब म्हणजे भागाला बळकटी द्यायला ओतलेली पातळ आधारपट्टी. मी म्हणाले, "लंबाई में काटो तो उसमें लाइनें नहीं भरते, सर. भरली तर बघणाऱ्याला..." घाबरले की माझी हिंदी मराठीत घसरते. मी पुन्हा जुळवून म्हणाले, "भर दो तो लगता है पूरा टुकड़ा ठोस है."

"किसने सिखाया?"

"आमच्या सरांनी. हमारे सर ने."

"अच्छे सर थे. कंप्यूटर आता है?"

"नहीं."

"मुझे भी नहीं," ते म्हणाले आणि हसले. मग गंभीर झाले. कारखाना ट्रॅक्टरच्या तेलाच्या झडपा बनवायचा. आता परदेशी भागीदार आले होते आणि त्यांना कपाटभर जुनी ड्रॉइंग्ज कंप्यूटरवर हवी होती. "तीन महीने देता हूँ. सीख लोगी?"

"सीखूँगी," मी म्हणाले. कंप्यूटर मी तोवर फक्त बँकेच्या काचेपलीकडे पाहिला होता.

कंप्यूटरच्या खोलीत दोन यंत्रं होती आणि ती दोन तरुण इंजिनियरांच्या ताब्यात. ते नऊला येत. म्हणजे मला नऊच्या आधीचा वेळ. मी सहाला घर सोडू लागले, धौला कुआँहून गुडगावची बस. मुलीचा प्रश्न शेजारच्या सुभेदारीणबाईंनी सोडवला. त्या कोल्हापूरकडच्या, बोलायला फटकळ. म्हणाल्या, "तू जा. पोरीला मी शाळेत सोडते. डब्यात काय घालायचं तेवढं सांगून जात जा, नाहीतर ती मला रोज मॅगी सांगते."

घरी सराव कशावर करायचा? बुटाच्या खोक्याचं झाकण घेतलं आणि त्यावर कीबोर्डची अक्षरं जशीच्या तशी लिहिली. संध्याकाळी कुकर लावला की मी झाकणावर बोटं चालवायची आणि मुलगी समोर बसून तपासायची. "आई, गलत! एस इकडे नाही, उधर आहे." तिचं मराठी तसंच होतं, अर्धं शाळेचं, अर्धं घरचं.

खरी झुंज छेदाशीच झाली. कागदावर रेषा भरताना हात चुकला तर चूक डोळ्याला दिसते. यंत्राला आधी बंद कुंपण लागतं. बाहेरची आकृती केसभर जरी उघडी राहिली तरी त्या रेषा भरल्या जात नाहीत, नाहीतर फटीतून बाहेर सांडून सगळ्या पानभर पसरतात. पहिल्याच ड्रॉइंगला तसं झालं. तीन दिवस रोज सकाळी मी ती फट शोधत होते. इंजिनियरांपैकी एकाला माझी कीव आली. "मॅडम, मिटा के फिर से बना लो ना." मी नाही म्हणाले. पुन्हा काढून ते कदाचित जमलं असतं, पण काय चुकलं होतं ते मला कधीच कळलं नसतं. एकेक कोपरा मोठा करून बघत गेले. तिसऱ्या सकाळी सापडली. एक गोलाई सरळ रेषेला टेकल्यासारखी वाटत होती, टेकली नव्हती. ती जोडली, हुकूम दिला, आणि रेषा सरसर भरल्या, बरोब्बर जिथे धातू तिथेच. खोलीत मी एकटीच होते. मी उठून उभी राहिले, एवढं आठवतं.

तीन महिन्यांनी मला कायम केलं.

दुसऱ्या वर्षी नवं सॉफ्टवेअर आलं. यात सपाट चित्र नव्हतं, अख्खा भागच पडद्यावर उभा करायचा, हवा तसा फिरवायचा, आणि हव्या त्या जागी चिरायचा. उस्तादजी माझ्या मागे उभे राहून बघायचे. एकदा यंत्राने आधारपट्टीतही रेषा भरल्या. ते खूश झाले. "देखा? अनपढ़ है ये मशीन." पट्टी वगळायची युक्ती शोधायला मला दोन दिवस लागले. ते दोन्ही दिवस ते मुद्दाम येऊन विचारत होते, "पढ़ी कि नहीं?"

मग त्या झडपेचं काम माझ्याकडे आलं. कारखान्यातला सगळ्यात जुना भाग, वर्षानुवर्षं निघत असलेला. त्याच्याबद्दल एक तक्रार होती आणि ती झडपेइतकीच जुनी होती. काही झडपा परत यायच्या, बोल्टापाशी तेल पाझरतंय म्हणून. प्रॉडक्शन मॅनेजर दर वेळी ओतकाम करणाऱ्या फाउंड्रीला झापायचे की तुमचं बीड सच्छिद्र आहे. याच कारणावरून एक फाउंड्री बदलूनही झाली होती.

मी कागदावरून माप घेत झडप पडद्यावर उभी केली. त्यात तेलाचं एक भोक होतं, दोन बाजूंनी कललेलं, म्हणजे खालीही जाणारं आणि डावीकडेही. कागदावरच्या छेदात करवत सरळ मधून गेली होती. ते भोक तिथे नुसतं लांबट वर्तुळ दिसे, आणि बोल्टाचं भोक त्यापासून चांगलं लांब. मला वाटलं, करवत ह्या भोकाच्याच कलाने घातली तर? घातली. दोन भोकांमधली भिंत एका जागी आगपेटीच्या काडीहून पातळ निघाली. ड्रिल जरासं सरकलं की तेवढीही उरणार नाही.

मी मापं पुन्हा तपासली. मग कागदाचा कोपरा पाहिला. काढणाऱ्याच्या रकान्यात उस्तादजींची सही होती.

दिवसभर मी ते पान बंद करून उघडत राहिले. मॅनेजरना थेट सांगितलं असतं तर माझं नाव झालं असतं. न सांगता गप्प बसले असते तरी कुणाला कळलं नसतं. पण झडपा परत येतच राहिल्या असत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या आत मी उस्तादजींना खोलीत बोलावलं आणि पडदा त्यांच्याकडे वळवला.

ते बराच वेळ बघत राहिले. "मशीन ग़लत भी हो सकती है," शेवटी म्हणाले.

"हो सकती है. एक काट के देखते हैं, सर. सचमुच."

त्यांनी परत आलेल्यांतली एक झडप उचलली, माझ्याकडून कोन लिहून घेतला आणि वर्कशॉपमध्ये गेले, मी मागोमाग. कामगाराला बाजूला करून स्वतः खडूने रेघ मारली, स्वतः यंत्रकरवतीखाली भाग बांधला. करवत सावकाश खाली उतरत होती, पाणी टपटपत होतं. पंधरा-वीस मिनिटं आम्ही दोघं तिथेच उभे होतो. दोन अर्धे तुकडे सुटले तेव्हा त्यांनी एक पुसला आणि उजेडात धरला. भिंत एका जागी होतीच कुठे? कागदासारखी कड आणि तिच्यात एक चीर.

मॅनेजरना बोलावलं. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, इतने साल से बन रहा है ये."

"इतने साल से ग़लत बन रहा है," उस्तादजी म्हणाले. "ड्रॉइंग मेरी है. कास्टिंग वाले की ग़लती नहीं थी."

ड्रॉइंगवर बदल नोंदवायचा रकाना असतो. त्यात त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं की भोकाची जागा चुकीची होती, आणि खाली सही केली. मग चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मला वाटलं होतं की मी बरोबर वागले म्हणून मला बरं वाटेल. तसं काही वाटलं नाही. मी दुसरा भाग घेतला आणि काम करत राहिले. पाचव्या सकाळी पावणेनऊला दार उघडलं. उस्तादजींनी खुर्ची ओढली, माझ्याशेजारी बसले आणि म्हणाले, "चलो, मुझे भी सिखाओ."

माउस त्यांच्या हातात टेबलाच्या कडेपर्यंत जाई आणि खाली पडे. ते त्याला पंजाबीतून शिव्या देत. पण निवृत्त होईपर्यंत छेद त्यांना स्वतःचा स्वतः घेता येऊ लागला. भोक सरकवलेल्या झडपा पुन्हा कधी पाझरून परत आल्या नाहीत. फाउंड्रीचे मालक बर्फीचा डबा घेऊन आले आणि त्यांनी तो उस्तादजींपुढे ठेवला. उस्तादजींनी तो उचलून माझ्या टेबलावर आणून ठेवला.

त्याच हिवाळ्यात हे रजेवर आले. सीमेवरची मुदत संपून अंबाल्याला बदली झाली होती, आणि अंबाल्याला कुटुंब नेता येत होतं. सासूबाईंचं पत्र माझ्याआधी ह्यांच्या हातात पडलं. आता एकत्र राहा म्हणून लिहिलं होतं, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. रविवारी ह्यांना द्वारका बघायची होती, दिल्लीच्या कडेला नव्याने उभी राहणारी वस्ती. पलटणीतले काहीजण तिथल्या सोसायटीत घरासाठी नाव नोंदवत होते. तेव्हा तिथे नुसते सेक्टरचे फलक, सळया आणि धूळ. मुलगी वाळूच्या ढिगावर चढत होती.

"अहो," मी म्हणाले, "मी अंबाल्याला येत नाही. इथेच राहते."

ते अर्ध्या बांधलेल्या जिन्याकडे बघत होते. "रागावून म्हणतेस?"

"नाही. काम आहे म्हणून. शनिवारी मी येईन, नाहीतर तुम्ही या. चार तासांची तर गाडी आहे."

"आणि पोरगी?"

"तिची शाळा इथे आहे. सुभेदारीणबाई आहेत. क्वार्टर सोडावं लागेल, तर मी खोली बघते. दोन बघूनही ठेवल्यात."

ते माझ्याकडे वळले. "म्हणजे ठरलंय तुझं."

"ठरलंय."

"मग आईला मी सांगतो," ते म्हणाले. "तू पत्र लिहू नकोस. तुझ्या पत्रात कारणं फार असतात."

मुलीला त्यांनी वाळूवरून उतरवलं, तिच्या फ्रॉकची धूळ झटकली, आणि आम्ही तिघं बस मिळेल त्या रस्त्याकडे चालू लागलो.